घाटावरच्या पेटीचे अकरा सेकंद

निकहतचा मला हेवा वाटायचा. ‘वाटायचा’ हे चार लोकांत बरं दिसावं म्हणून लिहिलं. खरं तर अजून वाटतो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, “कुमुदताई, नोकरीतल्या गोड आठवणी लिहा ना काही.” गोड हवं असेल तर शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे मागा, त्यांच्याकडे विद्यार्थी आहेत. माझ्याकडे पत्र्याच्या पेट्या होत्या आणि एक हेवा होता. पेट्या गंजल्या. हेवा मी नीट जपून ठेवलाय, तोच वाढते.

माझी नोकरी नेमकी काय, हे आमच्या कॉलनीत कोणाला शेवटपर्यंत कळलं नाही. समोरच्या भाभीजी बिघडलेला मिक्सर माझ्याकडे आणून द्यायच्या. मी तो दुरुस्तही करून द्यायची, त्यामुळे त्यांचा समज पक्का झाला.

तर नानाखेड्याला, बस स्टँडजवळ, एका मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. आम्ही पेट्या बनवायचो. त्यातली एक क्षिप्रेच्या घाटावर खांबाला लावलेली. पेटीतला सेन्सर, म्हणजे तिचा डोळा, खाली पाण्याकडे बघतो आणि पाणी किती लांब आहे ते मोजत बसतो. वरच्या बाजूनं पाणी सोडलं आणि नदी चढायला लागली, की पेटी सायरन वाजवते आणि बोलते, “जल स्तर बढ़ रहा है. कृपया घाट खाली करें.” हा आवाज माझा आहे. दुबेजी, म्हणजे आमचे मालक, म्हणाले होते, “बहनजी, आपकी आवाज़ में डाँट है, आदमी रुकेगा नहीं.” मला ती स्तुती वाटली होती.

पेटीच्या पोटात हाताच्या पंजाएवढा एक कॉम्प्युटर असतो. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, जवळ माणूस नाही. लाईट गेली की तो मरतो, आली की आपला आपण उठतो. उठल्यावर आत दहा-बारा कामं सुरू व्हावी लागतात. एकानं घड्याळ लावायचं, एकानं सेन्सर वाचायचा, एकानं सायरन तयार ठेवायचा, एकानं सिमकार्डावरून ऑफिसला कळवायचं. कोणी कधी उठायचं आणि कोणाच्या भरवशावर उठायचं, हे लिहून ठेवणं हे माझं काम. पेटीची सगळी प्रणाली आम्ही ऑफिसात मुळापासून बांधायचो आणि एका कार्डावर उतरवून पेटीत घालायचो. एकदा घातली की घातली. घाटावर जाऊन तिला कोणी उठवत बसणार नाही.

पंगत वाढलेली आहे ना तुम्ही? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भात, भातावर वरण, वरणावर तूप. तूपवाला वरणवाल्याच्या आधी घुसला तर घोटाळा. तसंच हे. फक्त इथे वाढपी आंधळे असतात, कागदावर लिहिलंय तेवढंच करतात.

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगते. तरुण होते. म्हणजे पन्नाशीची. सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी आणि डोक्यात इतकी हवा, की पंखा लावायची गरज नसे. घाटावरच्या पेटीचं सगळं उठणं मी एकाच लांबलचक फाइलमध्ये लिहिलं होतं. हे सुरू कर, पाच सेकंद थांब, ते सुरू कर, दहा सेकंद थांब. का थांब, ते लिहिलेलं नाही. लिहायचं कशाला? मी होते ना! सुटीवर जाताना दुबेजींचा चेहरा पडायचा, ते बघायला मला फार आवडायचं.

कामांना नावंसुद्धा मीच ठेवली होती. दर मिनिटाला सगळ्यांना ‘आहेस का?’ विचारणारं आणि उत्तर आलं नाही तर सगळी पेटी बंद करून पुन्हा चालू करणारं एक काम असतं. त्याचं नाव ‘सासूबाई’. कोण कधी काय करतं याची नोंद ठेवणाऱ्याचं नाव ‘शेजारीण’. स्वतःच्या विनोदावर आठ वर्षं हसत होते.

त्या फाइलमधले अकरा सेकंद मात्र विनोद नव्हते. सेन्सरला वीज मिळाल्यावर शुद्धीवर यायला वेळ लागतो. तोपर्यंत तो ‘शून्य’ सांगतो. पाणी शून्य लांब, म्हणजे नाकाशी आलं, म्हणजे घाट बुडाला. उन्हाळ्यात हा बावळटपणा चारेक सेकंद चालतो, कडक थंडीत अकरा. हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं नाही. पौषातल्या सकाळी घाटाच्या पायरीवर उभी राहून, मनगटावरचं घड्याळ बघत, पेटी बंद-चालू बंद-चालू करून मी ते काढलं. सलग आठ दिवस. तिथल्या एका पंडाजींनी शेवटी विचारलं, “बाईसाब, कौन-सा अनुष्ठान चल रिया है?” मी म्हटलं, “ग्यारह का.” पंधरा दिवस खोकले. पण अकरा सापडले.

मग तक्रार आली. पावसाळ्यात दिवसातून दहादा लाईट जाते आणि प्रत्येक वेळी पेटी उठायला दीड मिनिट घेते. तेवढा वेळ घाट वाऱ्यावर. दुबेजी म्हणाले, “बहनजी, अब नया तरीका आया है, सब काम साथ-साथ उठते हैं. एक लड़की रख रहे हैं, आपकी मदद के लिए.”

मदत! मी त्या दिवशी पोह्यांवर शेव घातली नाही, इतका राग आला होता.

निकहत भैरवगढची. घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठप्पे मारून छपाई करण्याचं काम. ही पहिली मुलगी कॉम्प्युटर शिकलेली. तीन महिन्यांच्या बोलीवर आली होती, जमलं तर पक्की. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वर म्हणाली, “आंटीजी, आप सिखा देंगी ना?”

आंटीजी. दुपारपर्यंत ते मी ‘दीदी’वर आणलं, पण कानात राहिलं ते राहिलंच.

तिनं काय केलं ते ऐका. माझी ती मारुतीच्या शेपटीएवढी फाइल तिनं सोडवली आणि प्रत्येक कामाची वेगळी चिठ्ठी केली. त्याला सर्व्हिस फाइल म्हणतात. आठ-दहा ओळींची चिठ्ठी. मी कोण, मी कोणाच्या नंतर उठायचं, कोणाशिवाय माझं अडतं, मी पडले तर मला पुन्हा उठवायचं की नाही. बस. सगळ्या चिठ्ठ्या एका कपाटात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरात, प्रत्येक पेटीसाठी वेगळा कप्पा. ज्यांचं एकमेकांवाचून अडत नाही ते सगळे एकदम उठणार, रांग नाही. दोन आठवड्यांत तिनं दीड मिनिटाचे अठरा सेकंद केले.

मी ते कपाट घरी नेऊन चोरून वाचलं. चूक शोधायला. एकही सापडली नाही. इतकं नीट लिहिलेलं होतं, की कोणीही वाचून समजावं. कोणीही! मग माझं काय?

एक दिवस माझ्याकडे खुर्ची ओढून बसली. “दीदी, ये सासूबाई क्या करती हैं?”

“हर मिनट पूछती हैं, ज़िंदा हो कि नहीं. जवाब नहीं दिया तो पूरा घर बंद करके फिर से चालू.”

ती हसली नाही. “तो इसका नाम निगरानी रख दूँ? नए आदमी को समझ में आएगा.”

माझ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. मी घाईनं हो म्हटलं. पण त्या रविवारी भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं, की ती पोरगी माझं एकेक नाव खोडत चालली आहे आणि मी हो हो म्हणते आहे.

आणि मग तो मंगळवार. निकहतनं कागदावर माझी एक ओळ खूण करून आणली. “दीदी, सेन्सर के बाद ये ग्यारह सेकंड का इंतज़ार किसलिए है?”

इथे मला जरा थांबू द्या.

मला सांगता आलं असतं. घाट, पंडाजी, खोकला, सगळं. तेवढ्यात आतून दुबेजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, “अरे, लड़की हीरा है, हीरा!” आठ वर्षांत मला त्यांनी कधी साधा गोटासुद्धा म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, “वो? पुराना है. हटा दो.”

“पक्का?”

“पक्का.”

तिनं ती ओळ काढली. ऑफिसात तपासणी झाली. पेटी वीस वेळा बंद-चालू केली, वीस वेळा बरोबर उठली. उठणारच. ऑफिसातल्या सेन्सरची वायर वेगळ्या प्लगात असायची, तो बंद व्हायचाच नाही. कॉम्प्युटर झोपून उठायचा, सेन्सर आपला टक्क जागा. हे मला दिसत होतं. मी खिडकीतून बस स्टँडवरच्या बसेस बघत होते. इंदूरची लागली होती.

मला वाटलं होतं, घाटावर पेटी जरा कुरकुरेल, दुबेजी म्हणतील “बहनजी, ज़रा देखिए,” आणि मी पदर खोचून जाईन. एवढाच माझा बेत. या बाईला, म्हणजे मला, नदीच्या कामात आठ वर्षं घालवूनही एवढं कळत नव्हतं, की घाटावर माणसं असतात.

चाचणी माघातल्या एका सकाळी होती. स्नानाचा दिवस, घाट भरलेला, पेटी घेणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब आलेले. दुबेजींनी कोट घातला होता. निकहतनं हातानं वीज तोडली, जोडली. अठरातले अकरा गेलेले, सातच सेकंद. साहेबांनी मान डोलवली. आणि सायरन वाजला.

मागोमाग माझा आवाज. “जल स्तर बढ़ रहा है. कृपया घाट खाली करें.” डाँट होतीच त्यात. माणूस थांबला नाही.

ओल्या कपड्यांतली माणसं पायऱ्या चढत सुटली. एक यजमान मुंडन अर्धं सोडून पळाले, डावीकडे केस आणि उजवीकडे चकचकीत. मागे न्हावी वस्तरा घेऊन, त्यामुळे ते आणखी जोरात पळाले. पाणी जागच्या जागी शांत. निकहत वायर उपटायला धावली. तेवढ्यात एक म्हातारी, माझ्या आताच्या वयाची, हातात तांब्या धरून चढताना शेवाळावरून घसरली. चार पायऱ्या. मनगट मोडलं.

घाट रिकामा झाल्यावरही माझा आवाज तिथे बोलत होता.

तिला दवाखान्यात निकहत घेऊन गेली. मी नाही. मी साहेबांच्या शेजारी उभी राहून “असं व्हायला नको होतं” असं म्हणत होते.

वरून पत्र आलं, जबाबदार कोण ते लिहून कळवा. दुबेजी म्हणाले, “लड़की अभी पक्की नहीं है, उसी का नाम चला जाएगा. सोमवार को छुट्टी कर देंगे.” मी काही बोलले नाही. आता खोटं का सांगू, पहिला दिवस मला बरा गेला. दुबेजींनी “बहनजी, वो पुरानी वाली फाइल फिर से डाल दो” म्हटलं, तेव्हा मी संध्याकाळी बासुंदी केली. घरच्यांनी विचारलं, आज काय? मी म्हटलं, दूध जास्त होतं. रात्री ती माझ्याच घशाखाली उतरेना.

शनिवारी निकहत जिन्यात भेटली. मिठाईवाल्याच्या कढईचा धूर जिन्यात भरलेला. तिच्या हातात तोच कागद.

“दीदी, मैं कल घाट पे गई थी. मोबाइल की घड़ी लेके.”

मी चष्मा पुसायला घेतला.

“ग्यारह निकला.”

“हूँ.”

“वहाँ एक पंडाजी हैं. बोले, तुमसे पहले भी एक बाईसाब आती थीं. चष्मे में साखळी थी.” तिला मराठीतला तेवढा एक शब्द माझ्याकडून मिळाला होता, तोही तिनं त्या दिवशी वापरला. “आपको मालूम था?”

“हओ.”

ती पायरीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. “घाट पे सेन्सर की बिजली भी जाती है, ये मैं जाँच लेती. एक बार को मन में आया भी था. फिर सोचा, दीदी ने पक्का बोला है.” मग कागदाची घडी करून म्हणाली, “दुबेजी को मैं नहीं बताऊँगी. आपका नाम यहाँ बहुत है.”

आता बघा. पोरीनं माझी फाइल घेतली, माझी नावं घेतली, हिरा ही पदवी घेतली. आणि वर मोठेपणाही तीच घेऊन चालली! मग मी काय करायचं? नुसती खालच्या पायरीवर उभी राहू? वाचकांनी पश्चात्ताप वगैरे समजून घ्यायचा असेल तर घ्यावा, थोडा होताही. पण सोमवारी मी दुबेजींच्या खोलीत गेले ती अर्धीअधिक हेव्यानं गेले. चांगलं दिसण्यातही ती माझ्यापुढे जावी, हे मला सोसेना.

“वो ग्यारह सेकंड मैंने हटवाए,” मी म्हटलं. “मुझे मालूम था क्यों हैं. चिट्ठी में मेरा नाम लिखिए.”

दुबेजींनी पेन खाली ठेवलं. “क्यों, बहनजी?”

“जलन,” मी म्हटलं.

आणि त्यातही मी काय केलं असेल? अकरा सेकंद मी कसे शोधले, कुठल्या थंडीत, किती दिवस, हे सगळं पाच मिनिटं सांगितलं. कबुलीतसुद्धा बढाई! निकहत दारात उभी होती. खाली मान घालून हसत होती, मी बघितलं.

पत्रात माझं नाव गेलं. माझ्या हातातून घाटाची पेटी काढून घेतली, ती निकहतला दिली. ती पक्की झाली. त्या म्हातारीकडे मी प्लास्टर निघेपर्यंत जात होते. पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा तिनं मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा बसू दिलं. चहा कधीच दिला नाही, आणि बरोबर केलं.

मला वाटलं, निदान माझे अकरा सेकंद तरी आता पेटीत परत जातील. छे! निकहत म्हणाली, “दीदी, इंतज़ार तो अंदाज़ा है. ठंड ज़्यादा पड़ी और बारह हो गए तो?”

मग तिनं आपल्या घरचं सांगितलं. कापडावर पहिला ठप्पा मारला, की दुसरा रंग कधी द्यायचा? ओल्यावर दिला तर फुटतो. “अब्बू घड़ी नहीं देखते. उल्टा हाथ लगाके देखते हैं. सूखा, तो दूसरा ठप्पा.” म्हणून तिनं एक नवी चिठ्ठी लिहिली. सेन्सरला विचारत राहायचं. तीन वेळा लागोपाठ शहाण्यासारखं उत्तर आलं, की त्यानंच सांगायचं, मी तयार. तोवर सायरननं हलायचं नाही. माझ्या पंगतीच्या भाषेत, वरणवाला स्वयंपाकघरातून निघाला म्हणून तूप घेऊन धावायचं नाही. वरण पानात पडलं का ते बघायचं. तिच्या पहिल्या कपाटात हेच राहिलं होतं. कोणाच्या नंतर ते लिहिलं होतं. तो निघालाय की पोचलाय, ते नव्हतं. आणि ते तिला सांगणं माझं काम होतं.

उन्हाळ्यात पेटी माझ्या अकरा सेकंदांऐवजी चारांतच खात्री करून घ्यायला लागली. म्हणजे माझे अकरा सेकंदही गेले. तिच्यासमोर मी म्हटलं, “छान.” जिन्यात एकटीनं पाय आपटला.

आता ती त्या कंपनीची मुख्य आहे. मी निवृत्त. परवा नात माझं हे लिखाण वाचत होती. म्हणाली, “आजी, मग तू तिला सॉरी म्हणालीस का?” मी म्हटलं, नाव दिलं ना पत्रात! “ते दुबेजींना. तिला?” पोरटी आमच्याच घराण्यातली आहे, नेमकं बोट ठेवते. नाहीच म्हणाले सॉरी, बाई. दर ईदला तिच्याकडे जाते, शीरखुर्मा खाते, म्हणू म्हणू म्हणते आणि वाटी पुढे करते. हा अंक तिला पाठवणार आहे. मराठी तिला आता वाचता येतं, तेही माझ्यापेक्षा शुद्ध येईल एक दिवस. तेव्हा निकहत, हे घे. चूक माझी होती आणि ती मी समजून-उमजून केली होती.

पण शेवटचं सांगायचं राहिलं. त्या नव्या चिठ्ठीच्या डोक्यावर, कॉम्प्युटर वाचत नाही पण माणसं वाचतात अशी, निकहतनं एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘यह जाँच कुमुद दीदी की खोज पर बनी है. हटाने से पहले उनसे पूछें.’ ती ओळ अजून प्रत्येक पेटीत जाते. दर एक-दोन वर्षांनी कंपनीत कोणी नवा हुशार इंजिनिअर येतो, त्याला पेटी आणखी लवकर उठवायची असते आणि माझा फोन वाजतो. “मैडम, आप कुमुद दीदी? वो सेन्सर वाली जाँच है ना, उसमें टाइम जा रहा है. हटा दें?”

आवाज तरुण असतो, घाईत असतो, मागे कोणीतरी त्याला हिरा म्हणत असणार. आणि या वयातही, देवाशपथ, दर वेळी ते दोन शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत येतात.

मग मी गिळते आणि म्हणते, “बेटा, घड़ी मत देखो. घाट पे जाओ, पूरी बिजली काटो, और उल्टा हाथ लगाके देखो.”

“वाह मैडम, क्या बात कही!” तो म्हणतो.

वाक्य निकहतच्या अब्बूंचं आहे, हे मात्र मी त्याला सांगत नाही.